दाखवायचा मेंढा

कळप-नोंद केंद्राच्या गणनकक्षात बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र तोच उन्हाळा आकड्यांत उभा होता: तीन राज्ये, चौऱ्याहत्तर हजार मेंढ्या, त्यांतल्या एकतीस हजार मेलेल्या. डॉ. अनसूया किर्दत उभ्यानेच ते वाचत होत्या. या वाणाला 'तृषाजयी' हे नाव त्यांनीच दिले होते. तहानेला जिंकणारी मेंढी! आणि २०५९ सालच्या पहिल्याच खऱ्या दुष्काळात ती तहानेनेच पटापट मेली. बारसे करताना माणसाने जरा जीभ आवरावी, हे त्यांना आता कळत होते.

"मेल्या किती, ते सोडा मॅडम," केंद्राचा संख्याशास्त्रज्ञ तौफिक मुजावर म्हणाला. "कोणत्या मेल्या, ते बघा. ज्यांचा तहानांक सगळ्यांत वर, त्या सगळ्यांत आधी मेल्या."

"म्हणजे आपला तहानांक चुकला."

"चुकला असता तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं. डोळे मिटून खडे मारले तर थोडे लागतात, थोडे हुकतात. तहानांक आणि जगणं यांचा काहीच संबंध दिसला नसता. इथे संबंध आहे, पक्का आहे, फक्त उलटा आहे. असं उलटं उत्तर चुकून येत नाही. त्याला नेम लागतो. चांगला मेंढा कोणता, हे कुणीतरी अचूक ओळखत होतं आणि नोंद नेमकी उलटी करत होतं."

अनसूयाबाई खुर्चीत बसल्या. केंद्राची पद्धत त्यांनीच घालून दिली होती आणि ती साधी होती. नर कोकरू जन्मले की कानात क्रमांकाचा बिल्ला आणि गळ्यात त्याच क्रमांकाचा नोंदपट्टा. पट्टा चाल मोजायचा, अंगाची उष्णता मोजायचा, पाण्याविना किती तास गेले ते मोजायचा. आईबापांच्या नोंदींशी ते सारे ताडून वंशगणक त्या मेंढ्याचा तहानांक, म्हणजे तहान सोसायची ताकद, आकड्यात सांगायचा. ज्याचा तहानांक वर, त्याची पैदास देशभर. मूळ कळप मात्र एकच होता, सिदू गोफण्यांचा. माणदेशातून कोकणात आणि परत अशी पायपीट दरसाल करणारा तेवढाच एक उरला होता.

"बिल्ला कान फाडल्याशिवाय निघत नाही," तौफिक म्हणाला.

"पट्ट्याला बक्कल आहे," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या.

विद्यार्थी असताना त्या तीन महिने सिदूमामांच्या तळावर राहिल्या होत्या. त्यांच्या ताटात जेवल्या, त्यांच्या घोंगडीत झोपल्या. मामा त्यांना भाची म्हणत. पंधरा वर्षे पट्टे बांधायचे काम केंद्राने दुसऱ्या कुणाकडे दिले नव्हते, कारण अनसूयाबाईंनीच शब्द टाकला होता. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते त्या आज शिकत होत्या.

"पण मॅडम, यात एक चांगली गोष्ट आहे." तौफिकचा चेहरा उजळला. "सगळंच उलटं असेल तर काहीच हरवलं नाही. उलटी नोंद सुलट्या नोंदीइतकीच मोलाची. यादी खालून वाचायची, बस्स! जे मेंढे तळाला, तेच आपले खरे तृषाजयी."

त्याने यादी उलटवली. सगळ्यांत वर आला बिल्ला क्रमांक ४४१७. त्याच्यापुढच्या रकान्यात एकच शब्द होता: खच्ची. पुढच्या ओळीत खच्ची. त्याच्या पुढच्या ओळीतही तेच.

हलक्या तहानांकाचे सगळे नर खच्ची करावेत, हा कळपशुद्धीचा आदेश दोन वर्षांपूर्वीचा होता. खाली सही अ. किर्दत यांची. माद्यांमध्ये अर्धेमुर्धे रक्त उरले असेल, पण ते वेचून पुन्हा गोळा करायला दहा पिढ्या लागल्या असत्या, आणि दुष्काळ काही दहा पिढ्या वाट पाहणार नव्हता.

सिदूमामांचा तळ गाडीने दीड तासावर होता. मेंढरे दुपारची बाभळीखाली दाटीने उभी होती. सिदूमामा दोर वळत बसले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अनसूयाबाईंनी तो घेतला नाही.

"मामा, तुम्ही मला फसवलंत. पट्टे बदललेत."

"व्हय." मामांनी दोर खाली ठेवला. "बदललं."

"पंधरा वर्षं?"

"आमच्यात उजवा मेंढा कुणाला दावत न्हाईत, अनसाबाय. दावायचा एक, राखायचा एक. बापाचं, आज्याचं असंच चाललेलं. मानसाची नजर लागती, आन् ही तर यंत्राची. पापनीबी मिटत न्हाई. मोकळा गळा दिसला असता तर तुमची मानसं बोलली असती. म्हनून नबऱ्याचा, हलक्या मेंढ्याचा, पट्टा उजव्याला आन् उजव्याचा नबऱ्याला."

"आणि आम्ही नबरा मेंढा देशभर वाटला, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?"

"हसलो थोडा. म्हनलं, सरकारला पसंत पडला तर आपलं काय जातंय. आपला उजवा तळावर हाय. सरकारी मेंढ्याला सावली आन् बादलीभर पानी मिळतंय, त्याला कशाला लागतीय तहान? येवढी मेंढरं मरतील, असं न्हाई वाटलं." मामांनी दोर पुन्हा हातात घेतला. "तुमची मानसं खच्ची करायला आली, तवा हसू आटलं."

"तेव्हा तरी सांगायचं होतं!"

"मेंढा घिऊन आलो हुतो की दारात. म्हनलं, अनसाबाय, ह्यो येवढा राहू द्या."

अनसूयाबाईंना तो दिवस आठवला. फाटकापाशी मामा, हातात दोर, दोराला मेंढा. त्यांनी खिडकीतूनच बिल्ला विचारला होता, ४४१७, आणि पडद्यावर पाहून म्हटले होते, "मामा, नोंद खोटं बोलत नाही."

"पट्ट्याचं तोंडानं सांगायची लाज वाटली," मामा म्हणाले. "वाटलं, भाची भाईर यील, मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवंल, दात बघंल. मेंढा बघायला तुला म्याच शिकवलं हुतं ना? एकदा बघितला असता तर कळलं असतं. तू भाईर आलीच न्हाईस. त्यो खच्ची हून बाजारात गेला."

रागाला जागाच उरली नाही, तेव्हा त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सगळे सांगितले: उलटी यादी, ती खालून वाचून कळलेले सत्य, आणि आषाढात पैदाशीसाठी मेंढा सोडायचा हंगाम. अजून एखादा धडधाकट नर कुठे राहिला असेल तर तीन राज्यांतले कळप वाचतील. पण पुन्हा नबरा गेला तर ते उरलेलेही जातील.

मामा उठून मेंढरांत शिरले आणि दोन तरणे मेंढे घेऊन आले. दोघांपैकी कुणाच्याच कानात बिल्ला नव्हता.

"ह्ये कुनाला दावलं न्हाईत. एक त्या बाजारात गेलेल्याच्याच वळनाचा हाय. एक देतो."

"दोन्ही द्या. पट्टे बांधून बघते."

"त्याला एक उन्हाळा लागंल, आन् तुला आषाढात मेंढा पायजे. शिवाय एक माझ्या मेंढरांना ठिवायचा हाय." त्यांनी डावीकडचा दोर पुढे केला. "ह्यो घे. ह्योच उजवा."

अनसूयाबाईंचा हात निघाला आणि मध्येच थांबला. दावायचा एक, राखायचा एक. दाखवला तो नबरा, म्हणजे दुसरा मागावा. हा हिशेब पंधरा वर्षे बिनचूक ठरला होता. पण आता त्या तो मामांना सांगून बसल्या होत्या. उलटे वाचणाऱ्याला फसवायचे तर खरे तेच दाखवायचे, हे न कळण्याइतका भोळा मेंढपाळ अजून जन्मायचा होता. आणि मामांना फसवायचेच नसेल, तर?

त्यांनी वाकून दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले. पंधरा वर्षांत त्या हाताला फक्त पडद्याची सवय राहिली होती. दोन्ही मेंढे त्यांना सारखेच वाटले.

"नोंद खोटं बोलत न्हाई, म्हनली हुतीस," सिदूमामा म्हणाले. "आता नोंद न्हाई. निस्ता मी हाय."

आणि दोर पुढे धरून ते तसेच उभे राहिले.