सूर ऐकू आला की हात वर

या, पुढे सरकून बसा. ज्याने कान दिले त्याचं स्मरण करू, मग गोष्ट ऐका... प्रेमाची आहे, पण डोळे ओले होतील, आधीच सांगून ठेवते.

मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगी काम करायची. एका भिजल्या सकाळी बंदराच्या बिनतारी केंद्रातला ऑपरेटर आला. सेट कोटात गुंडाळलेला, स्वतः ओलाचिंब.

“खरखरतो हो फार.”

तिने तपासणीच्या यंत्रातून एकच ठरावीक सूर सेटमध्ये सोडला, बारीक करत नेला आणि खरखरीत तो बुडू लागला तिथे काटा वाचला.

“ठणठणीत आहे.”

“नक्की?”

“काटा खोटं बोलत नाही... माणसं बोलतात.”

आठवड्याने तो पुन्हा आला. मग पुन्हा. मामा मिशीत हसला, “पोरी, बिघाड सेटमध्ये नाही गं!” ती लाजून लालबुंद.

चौथ्या खेपेला तिने दोघांच्या कानांना हेडफोन लावले. “तुम्हीच ऐका. सूर गेला की हात वर.”

ती सूर बारीक करू लागली तोच त्याचा हात वर गेला. तिच्या कानात सूर अजून स्वच्छ वाजत होता.

“थट्टा पुरे हं—” ती म्हणाली आणि त्याचा चेहरा पाहून थांबली.

“वाटायचं, सेटच म्हातारा झालाय,” तो पुटपुटला. “तपासणीच्या कागदावर बिघाड आहे असं लिही ना, नाहीतर ते माझे कान तपासतील. नोकरी गेली की केंद्राची खोलीही जाईल. मला हे गाव... तुला सोडून जावं लागेल.”

तिने पेन खाली ठेवलं. “समुद्रातून एखादी बोट क्षीण हाक मारेल, आणि—”

“—आणि मी सेटला शिव्या देत बसेन,” त्याने मान खाली घातली. “लिही. सेट निर्दोष.”

नोकरी गेली. गाव सोडून जायच्या दिवशी तो निरोपाला आला. तिने त्याच्या कानांना हेडफोन लावले आणि सुराऐवजी माइक जोडला.

“आता ऐकू आलं की हात वर.”

माइक ओठांशी धरून ती एकच वाक्य म्हणत राहिली, दर वेळी आवाजाचं बटण थोडं पुढे फिरवत... बऱ्याच वेळाने त्याचा हात वर गेला. डोळे भरलेले.

“मीही,” तो म्हणाला. “बटणावर आकडा किती आला?”

तिने तळहातावर लिहून घेतला. “याच्याखाली तुझ्याशी कधी बोलणार नाही.”

दुपारच्या गाडीने तो गेला.

तेव्हा बाबांनो, घरात कुणी सारखं “काय म्हणालास?” विचारलं, तर वैतागू नका. त्या बिनतारीवाल्याची आठवण काढा आणि जरा मोठ्याने, मायेने, पुन्हा सांगा.