राखणदाराचा घोट

"रत्ना, देव्हाऱ्यातली वाटी घे गो," जानकीबाईंनी हाक मारली, आणि रत्नप्रभाच्या काळजात धस्स झालं. आज अमावस्या! घराची, शेताची राखण करणाऱ्या गावच्या देवाला सासूबाई आज वर्षाचा मान देणार. नारळ आणि दारू! गावी जाणं होत नाही म्हणून मरोळच्या चाळीत खिडकीशीच पान मांडायचं, देवाला दारू वाहायची, आणि वाटीत उरलेला घोट घरच्या कर्त्या पुरुषानं तीर्थ म्हणून घ्यायचा... एवढंच! पण तो एक घोट जयवंतच्या ओठाला लागला की तिच्या संसाराची पुन्हा राखरांगोळी!

मागल्या शिमग्याला दारूच्या तारेत जयवंतनं पेटता स्टोव्ह लाथाडला होता, आणि धाकट्या अनुपमाचे दोन्ही पाय भाजले होते. तेव्हा चाळीच्या नळावर शेजारच्या सेराफिनानं रत्नप्रभाचा सुजलेला डोळा पाहून तिला बाजूला घेतलं होतं. "माझा नवरा फ्रेडी असाच होता गं. आता दर बुधवारी चर्चच्या शाळेत बसतात सगळे, पिणं सोडलेले. तुझ्या नवऱ्याला घेऊन ये. फुकट आहे, धरम-बिरम कुणी विचारत नाय." रत्नप्रभानं नवऱ्याचे पाय धरले, रडली, भांडली, आणि अखेर त्याला तिथवर नेलंच! तो आत बाकावर, ती बाहेर व्हरांड्यात सेराफिनाजवळ. फ्रेडी एकदा म्हणाला होता, "वहिनी, आम्हाला दहावा पेग मारत नाय. पहिलाच मारतो!" ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं होतं. गणपती गेले, दिवाळी गेली, जयवंत शुद्धीत राहिला. आणि सासूबाई मात्र लेकाबद्दल चाळभर सांगत सुटल्या, "सुनेनं माझ्या झिलाक बाटवल्यान!" रत्नप्रभानं दर बुधवारी त्याला नेणं सोडलं नाही. बोलतात तर बोलोत, नवरा तर माणसात आला ना!

"आई, यंदा नुसता नारळ वाढवू या का हो?" तिनं वाटी पुढे करत भीतभीत विचारलं.

"गप! राखणदार कोपलो तर तू निस्तरतलंस?"

कारखान्यातून आलेला जयवंत आंघोळ करून पाटावर बसला. बाटलीचं बूच निघालं, वाटीतून देवाला दारू वाहून झाली, आणि तो ओळखीचा, आंबूस, जीवघेणा दर्प खोलीभर पसरला. जयवंतचे डोळे वाटीवरून हलेनात. कपाळावर घाम डवरला. "आई... नको गं..." तो पुटपुटला.

"देवापुढे नको म्हणतस? तुझ्या बापाशीनं एकदाव मान मोडूक नाय!"

त्याचा हात उठला. हळूहळू, वाटीकडे... आणि काय होतंय हे कुणाला कळायच्या आत रत्नप्रभानं सासूच्या हातातली वाटी हिसकावली आणि एका दमात पिऊन टाकली. जन्मात न शिवलेली दारू! घसा जळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"घेतलं तीर्थ!" ती खोकत किंचाळली. "देवाला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे. माझं काय व्हायचं ते होवो, पण ह्यांना देऊ नका हो आई!"

"बायल माणसान घेतल्यान! बुडवलंस घर!" जानकीबाईंनी मारायला हात उगारला. तेवढ्यात रत्नप्रभा कोपऱ्यात रडणाऱ्या अनुपमाला जवळ घ्यायला वळली... आणि पोर मागे सरकली! आईच्या तोंडाचा वास येताच भिंतीला चिकटली, आणि परकर ओढून आपले दोन्ही पाय झाकून घेतले.

जानकीबाईंचा हात तसाच राहिला. त्या नातीच्या पायांकडे पाहत मटकन खाली बसल्या.

"तुझ्या सासऱ्याकव ह्यो घोट मीच देय होतंय गो..." त्या म्हणाल्या. "डॉक्टर नको म्हणालो, तरी देवाचा म्हणून दिलंय. रक्त ओकून गेलो तो. आणि मी राखणदाराक दोष दिलंय... जन्मभर!" त्यांनी पदर तोंडात कोंबला. जयवंत लहान मुलासारखा हुंदके देत होता. रत्नप्रभाला त्याच्याकडे पाहायचंही भय वाटत होतं, कारण बाटलीत अजून दारू होती आणि त्याची नजर रडता रडता तिकडेच वळत होती.

जानकीबाईंनीच उठून ती बाटली मोरीत ओतली, आणि दोन बादल्या पाणी सोडलं. "आज बुधवार ना? चल, मीव येतंय."

चर्चच्या शाळेच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि पदर डोक्यावरून घेतला. सेराफिना धावत आली. "आई, राहू दे. हिकडे चपला काढत नाय कोण."

"माझो झील हय जगलो गो, बाय," जानकीबाई म्हणाल्या. "चपला घालून कशी जाव?"

आणि सुनेचा हात घट्ट धरून, त्या अनवाणीच आत गेल्या.