माळकांदा आणि मत्सर

हाल्वर पहिल्यांदा आला तो सिग्नेच्या रोपांच्या टेबलावर आदळूनच. मिनेसोटातला शनिवारचा बाजार, अचानक सर आली आणि तो धावत तिच्या ताडपत्रीखाली घुसला. ‘झुकता रानकांदा’ नावाच्या रानफुलाची एक कुंडी कलंडली... त्यानेच ती झेलली.

“फुलं अशी मान खाली घालून का?”

“लाजतात,” सिग्ने म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

त्याने कुंडी विकत घेतली. मग रस्त्यापलीकडे रोपं विकणाऱ्या डॅग्नीकडून माळकांद्याची, म्हणजे माळरानावरच्या तशाच फुलाचीही एक घेतली. “दोघांची तुलना करून बघतो!”

पुढे दर शनिवारी तेच. पण डॅग्नीपाशी तो जास्त रेंगाळायचा, डॅग्नी खळखळून हसायची, आणि इकडे सिग्नेचा नुसता जळफळाट.

“तिच्या कळ्याही खालीच बघतात की,” एकदा तो म्हणाला. “मग फरक काय?”

फरक सिग्नेला ठाऊक होता. माळकांदा उमलताना मान ताठ करतो. सिग्नेचा रानकांदा मात्र उमलला तरी झुकलेलाच. पण—

“फरक कसला? एकच झाड. नाव बदलून विकते ती!”

हाल्वर तडक डॅग्नीला जाब विचारायला गेला. ते ऐकून एका आजीबाईंनी हातातली कुंडी परत ठेवली.

“मी आजवर कुणाला फसवलं नाही...” डॅग्नी आजीबाईंना विनवू लागली.

सिग्नेला राहवेना. ती रस्ता ओलांडून गेली. “मी खोटं बोलले. तिचा कांदा वेगळाच आहे.”

“मग असं का सांगितलंस?” हाल्वरने विचारलं.

“तू इथे जास्त वेळ थांबतोस... म्हणून.”

“अगं बये,” डॅग्नी कडाडली, “जळायचं तर माझ्या केसांवर जळ! माझ्या पोटावर का पाय देतेस? आता आजीबाईंना कुंडी तूच विकून दे.”

सिग्नेने विकून दिली. मान वर केली, तोवर हाल्वर निघून गेला होता.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. त्यानंतरच्या शनिवारी आला.

“कुठला देऊ?” तिने खाली बघतच विचारलं.

“कुठलाच नको. आईच्या अंगणात जागा उरली नाही.”

“झाली तुलना?”

“कसली तुलना, वेडे! यायला निमित्त नको? तुझा एकच कांदा घेऊन गप्प बसलो असतो, तर पुन्हा कशाला आलो असतो?”

“आणि तिच्याशी एवढ्या गप्पा?”

“विचारत होतो—सिग्ने कुणाबरोबर फिरते का. ती म्हणायची, भित्र्या, तिलाच विचार.”

सिग्नेचे कान तापले. “मग... विचार ना.”

“येशील? नदीकाठी?”

“येते.”

“आणि डॅग्नीशी बोललेलं चालेल?”

“बोल की,” सिग्ने कुंड्या आवरू लागली. “फक्त मी शेजारी असताना.”