दहापैकी दहा

"पोरी, वाक्यं तपासतीस ते ठीक हाय. पण त्यो म्हणतोय काय, ते बी वाचीत जा."

आसारामकाका असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात लाल पेन होता. माजलगावच्या आमच्या अभ्यासिकेत ते झाडलोट करायचे, आणि कोण किती तास बसतं यावर लक्ष ठेवायचे. मी मान वर न करता म्हटलं, "काका, परीक्षेत त्याला मार्क नसतात."

ते हसले नाहीत. झाडू घेऊन पुढच्या रांगेकडं गेले.

त्या दिवसाकडं मी परत येणारच आहे. पण आधी मेंढीचं सांगते... कारण सुरुवात तिनं केली.

जानेवारीतली दुपार होती. तेलगावच्या पुढं कळप आडवा आला आणि ड्रायव्हरनं एसटी थांबवली. मी खिडकीशी बसून इंग्रजीचे फ्रेजल व्हर्ब घोकत होते. साधं क्रियापद, त्याला अप, ऑफ, आउट असला एखादा बारका शब्द चिकटला की अर्थच पालटतो. आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांचे मार्क तिथंच जायचे. वारा आला, झेरॉक्सचं पान उडालं, आणि ते जमिनीला लागायच्या आत एका मेंढीनं तोंडात धरलं. 'टेक'चं पान होतं. टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक आफ्टर – सगळं तिनं शांतपणे चावून खाल्लं.

कळपामागं एक तरुण होता. खांद्यावर घोंगडी, मानेमागं आडवी काठी. त्यानं मेंढीकडं बघितलं, मग वर माझ्याकडं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शी एट अप इट."

"एट इट अप," माझ्या तोंडून निघून गेलं. "इट मधे येतं."

"कावून?"

"कावून म्हणजे... नियम आहे तसा."

"मेंढीला ठाऊक न्हाई मॅडम नियम."

एसटी हलली. मी मागं वळून बघणार नव्हते – पण बघितलं. तो अजून तिथंच उभा होता आणि सगळी मेंढरं पुढं निघून गेली होती.

आठ दिवसांनी तो अभ्यासिकेत आला. धुतलेला शर्ट, हातात 'टेक'च्या पानाचा नवा झेरॉक्स. "मेंढीनं परत दिलं न्हाई. मग दुकानातून आणलं."

"आणि मीच इथं बसते हे कसं कळलं?"

"कागदावर शिक्का व्हता अभ्यासिकेचा. कोपरा तेवढा उरला व्हता."

त्याचं नाव जीवन. बाहेरून बी.ए. केलेलं, माझ्यासारखीच लिपिकाच्या परीक्षेची तयारी. पण वर्षातले आठ महिने तो आणि त्याचे वडील सटवाआबा मेंढरांमागं चालायचे. आज या शिवारात, परवा त्या. मग आमचं असं ठरलं: सकाळी मी फोनवर दहा फ्रेजल व्हर्ब पाठवायचे, दिवस मावळायच्या आत त्यानं त्यांची दहा वाक्यं पाठवायची. पुस्तकातली नाही, स्वतःची. मी ती वहीत उतरवून लाल पेनानं तपासायची आणि पानाचा फोटो पाठवायचा.

मला नियम सांगता यायचे. समजावून सांगायला मात्र त्यालाच जमायचं.

"गिव्ह म्हंजी एक मेंढरू समज," एकदा अभ्यासिकेत आला तेव्हा तो म्हणाला होता. "मेंढरू तेच. मागून हाकणारा कोण, त्यावर त्याची वाट ठरती. मागं अप आला तर सोडून दिलं. इन आला तर हार मानली. अवे आला तर वाटून टाकलं."

"आणि मधे शब्द कधी घालायचा, कधी नाही?"

"काही जोड्यांत कुणी बी घुसतं. पिक यू अप... आली की तू मधी. पण लुक आफ्टर घे. त्यात जागाच न्हाई. लुक आफ्टर यू. तुला मागंच यावं लागतंय."

"मग आपली जोडी कुठली?" मी विचारलं, आणि विचारल्यावर पेनाचं टोपण शोधायला लागले.

"टोपण तुझ्या केसात हाय," तो म्हणाला. मग वही माझ्याकडं सरकवत... "आपल्या मधी कुणाला घुसू देत न्हाई मी."

त्याची वाक्यं कधीच पूर्ण बरोबर नसायची. एकदा आलं, 'आय एम लुकिंग फॉरवर्ड यू'. मी लिहिलं, 'टू राहिला.' त्याचं उत्तर आलं, 'टू कशाला? पुढं बघितलं की तूच दिसतीस.' दहातली तीन-चार तरी चुकायचीच. आनंदात असला की जास्त. चुका मोजून मला त्याचा दिवस कळायचा... हे मात्र आता कळतंय. तेव्हा मी फक्त लाल गोल करत होते.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्याची दहा वाक्यं आली. वी सेट आउट अर्ली. माय फादर फेल बिहाइंड. आय वेंट बॅक. ही हॅड पास्ड अवे. आय हॅव टेकन ओव्हर द फ्लॉक. आय कॅनॉट कॅरी ऑन... अशी दहा. दहाच्या दहा बरोबर. पहिल्यांदाच.

मी इतकी खूश झाले की जवळून झाडत जाणाऱ्या आसारामकाकांना वही दाखवली. ते म्हणाले, "पण त्यो म्हणतोय काय?" पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं. मी पानाखाली 'दहापैकी दहा' लिहिलं, एक चांदणी काढली आणि फोटो पाठवला. वर लिहिलं, 'जमलं की रे शेवटी तुला.'

त्यानंतर त्याचं काहीच आलं नाही. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. पैकीच्या पैकी मिळाले म्हणून भाव खातोय, असं मी ठरवून टाकलं. मीही फोन केला नाही.

अकराव्या दिवशी आमच्या अभ्यासिकेतली अंजू म्हणाली, "तुला ठाऊक न्हाई? जीवनचे वडील गेले की गं. दहावा बी झाला. कालच परत कळपावर गेलाय त्यो, उमापूरकडं."

मी वही उघडली आणि ती वाक्यं पहिल्यांदा मराठीत वाचली. आम्ही लवकर निघालो. वडील मागं पडले. मी परत गेलो. ते गेले होते. कळप आता माझ्याकडं आहे. मला पुढं चालवत नाही.

आणि खाली माझी चांदणी.

उमापूरच्या अलीकडं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कडेला तो उभा होता. डोकं भादरलेलं, त्यामुळं ओळखूच येईना. मी चपला हातात घेऊन ढेकळांतून गेले.

"आलीस," तो म्हणाला. एवढंच.

"मला कळलं नाही रे..."

"कसं कळंल? तू तपासत व्हतीस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "चांदणी लई बघितली मी. येताजाता काढून बघायचो."

"मराठीत का नाही सांगितलंस?"

त्यानं जाळीची सैल झालेली खुंटी पायानं दाबली. "मराठीत सांगितलं असतं तर खरं झालं असतं. इंग्रजीत जरा लांबून बोलल्यावानी वाटतं. दुसऱ्याच कुणाचे तरी वडील गेल्यावानी."

"आता सांग मराठीत."

मग त्यानं सांगितलं. बांधावर बसून, मधे मधे थांबत. आबा पाणी प्यायला मागं थांबले ते कसे, वळून हाक मारली तेव्हा ओ का आली नाही ते. ऊन उतरलं. मी उठले, तशी त्यानं माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"जाऊ नको," तो म्हणाला.

बाकी मग सगळं झालं. लिपिकाच्या परीक्षेत माझी निवड झाली, त्याची झाली नाही. माझे वडील, राधाकिशनदादा, आमच्या लग्नाला आले नाहीत आणि अजून बोलत नाहीत; मेंढरांमागं फिरणारा जावई त्यांना नको होता. मी आता वडवणीत नोकरी करते. आमची केसर दीड वर्षाची आहे. तो घरी येतो तेव्हा ती आमच्या मधे झोपते, आणि तो म्हणतो, "घुसलीच बघ ही."

कळप त्यानं सोडला नाही. रोज दिवस मावळायच्या आत एक वाक्य पाठवतो. त्यात चूक असली की मी निर्धास्त स्वयंपाकाला लागते.

गेले तीन दिवस चूक नाही. काल आलं, 'एव्हरीथिंग इज वर्किंग आउट वेल'. सगळं ठीक चाललंय. फोन केला तर तेच, "बरं हाय सगळं, पोरीला बघ." कळपावरचा त्याचा जोडीदार धोंडीराम लग्नाला गावी गेलाय, म्हणजे उमापूरच्या शिवारात तो एकटाच आहे. केसरच्या अंगात ताप आहे, मी तासातासाला तिचं कपाळ बघते आणि मधे फोन बघते. ताप उतरला की पहिल्या गाडीनं जाईनच. पण मला रोज जाता येत नाही... आणि तो सांगत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. उमापूरच्या रस्त्यानं कधी गेलात आणि एखाद्या शेतात मेंढरं बसलेली दिसली, तर गाडी थांबवा. मानेमागं काठी आडवी धरून उभा असेल तो. नाव विचारा, जीवन. जेवलास का म्हणून विचारा, मराठीत. तो म्हणेल, बरं हाय सगळं. तेवढ्यावर निघू नका. बांधावर बसा थोडं.