पस्तीस हवा

"सतरावी यादी!" क्लेने पेन्सिल आपटली. "ताई, आणखी एक केलीस तर मी घरीच राहीन!"

"रहा की! तेवढंच तुझं पाणी वाचेल!" ओडेसा म्हणाली, पण जांभई तिलाही आवरेना.

युटाच्या त्या वाळवंटी गावात सावलीतही अंगाची लाही होत होती, आणि सहलीची तयारी तीन दिवस संपता संपत नव्हती. उद्या पहाटे लाल घळीच्या कच्च्या वाटेवर निघायचं! तीन दिवस, वाटेत पाण्याचा थेंब नाही. मामाची गाडी आणि आजोबांची जीप, दोन्हींत मिळून सगळं पाणी मावेना, म्हणून व्हर्लमामा कालच दुसऱ्या मुक्कामावर आठ डबे ठेवून आला होता. आईला खाणावळीतून दोन वर्षांनी सलग तीन दिवस सुटी मिळाली होती. आज शेवटची पाळी करून ती येणार होती.

शेजारचा किंबल दोर गुंडाळत होता. ओडेसा मामाच्या गाडीची हवा तपासायला बसली. पस्तीस! चारही चाकांत पस्तीस!

ती थबकली. दुसऱ्या मुक्कामाच्या वाळूत शिरायचं तर हवा अठरावर आणायची, नाहीतर गाडी पोटावर बसते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची.

"किंबल, आपला हवेचा पंप कुठंय?"

"आमच्याकडे! रविवारपासून बाबांनी खोलून ठेवलाय."

"आणि गावातल्या पेट्रोलपंपावरचा?"

"त्याची नळी मे महिन्यातच फुटलीय!"

"मग मामाने काल हवा भरली कशाने?" क्ले म्हणाला. "फुंकून?"

कुणी हसलं नाही. मामा वाळूत गेलाच नव्हता! म्हणजे दुसऱ्या मुक्कामावर पाणी नाही. पण हे सांगितलं तर सहल बारगळणार आणि आईची सुटी वाया जाणार. क्षणभर ओडेसाला वाटलं, गप्पच बसावं.

"मामाला विचारू या का सरळ?" किंबलने विचारलं.

"छे! तो एका थापेवर दुसरी मारेल. त्यापेक्षा चला, त्याला मदत करू!"

मामा डोळ्यांवर टोपी ओढून ओसरीत आजोबांशेजारी पेंगत होता. ओडेसाने आजोबांच्या जीपमधून पाण्याचा डबा काढून खाली ठेवला.

"तुझं पाणी आहेच ना तिथे, मामा! मग हे ओझं कशाला?"

"अगं, असू देत दोनचार हाताशी..."

"कशाला? आठ डबे आहेत की!" किंबलने आणखी दोन उतरवले.

"इथे आजोबांची खुर्ची बसेल!" क्ले ओरडला.

"वा! माझे गुडघे दुवा देतील तुम्हाला!" आजोबा खूश झाले.

ओडेसाने शेवटच्या डब्याला हात घातला आणि मामा ताडकन उठला. "ठेव तो! ठेव म्हणतो ना! नाहीये तिथे पाणी!"

मामा मटकन खाली बसला.

"आठवडाभर रात्रपाळीला खडीचा ट्रक चालवलाय. काल वाटेत झाडाखाली पाच मिनिटं टेकलो, जाग आली ती संध्याकाळी! डबे माझ्या गॅरेजमध्ये आहेत. घरी आलो तर तुम्ही सगळे इतके खूश! तोंडच उघडेना."

"दमलो म्हणायला लाज कसली रे?" आजोबा थकल्या आवाजात म्हणाले. "आम्ही तिथे तहानेने तडफडल्यावर सांगणार होतास?" मग त्यांनी हवा मोजायचं यंत्र ओडेसाच्या खिशात घातलं. "चाळीस वर्षं वाळूत गाडी घालतोय, पण चाकं बघून थाप पकडणारी तू पहिलीच! शाबास पोरांनो! यापुढे ओडेसा हो म्हणेल तेव्हाच गाडी हलेल!"

"पण पाणी ठेवायला उद्याचा दिवस जाणार," ओडेसा म्हणाली. "आईची सुटी..."

आई फाटकात उभी होती, अंगात खाणावळीचा एप्रन तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. जीपवर बांधलेली गादी तिने सोडली, ओसरीच्या सावलीत पसरली आणि बुटांसकट आडवी झाली.

"व्हर्ल, आज तूही झोप. उद्या सावकाश जाऊन ये," डोळे मिटून ती म्हणाली. "सहल दोन दिवसांची झाली तरी चालेल. दोन वर्षं धड झोपले नाहीये मी. परवा उठवा!"

ओडेसाने हळूच आईच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मग यादीत 'पाणी' या शब्दापुढची खूण खोडली.

"अठरावी यादी?" क्ले कुजबुजला.

"शूऽऽ! आई झोपलीये!"