टॅबला आपली बोली येते!

"मोठावाला घे! मोठ्या टॅबवर मोठा अभ्यास होतो!" दुकानात पाय टाकताच रूपेशमामाने निकाल लावला.

बेलापूरच्या दिलीपशेठच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक एक आणि सल्लागार चार होते. गिऱ्हाईक रंजिता. दिवाळीची सुट्टी संपली की ती मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात जाणार होती, आणि फळ्यावरचे मासे कल्ल्यांसकट उतरवून घ्यायला तिला टॅब हवा होता. सल्लागार म्हणजे तिची धाकटी बहीण मनस्वी, मनस्वीहून धाकटा भाऊ कान्हा, मनस्वीच्या वर्गातला सुयश आणि मामा. पैसे मामा देणार होता, म्हणून आवाजही त्याचाच मोठा!

"याच्यावर पेन फ्री," दिलीपशेठ म्हणाले.

रंजिताने मोठ्या टॅबवर पापलेट काढलं. काढताना हात टेकला, आणि पापलेटाच्या पोटातून आडवी रेघ गेली!

"वा! हा तर कापूनच देतो!" कान्हा खिदळला.

"हात टेकायचा नाय मग," मामा म्हणाला.

"मामा, तू हात न टेकता सही तरी करून दाखव!" मनस्वी म्हणाली. मामा एकदम पंख्याकडे बघू लागला.

काउंटरच्या टोकाला स्टँडवर एक छोटा टॅब होता. त्यावर रंजिताने हात खुशाल टेकला, तरी पापलेट अखंड!

"वैशालीताईचा असाच होता," ती हळूच म्हणाली.

वैशालीताई सुयशच्या बिल्डिंगमध्ये राहायची. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळी बोलीवर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. वर्षभर मुलांच्या आजीच्या, विमलबाईंच्या ओट्यावर बसून तिने शब्द टिपले होते. तो टॅब याच दुकानात दुरुस्तीला गेला तो गेलाच. दिलीपशेठ रोज 'उद्या' म्हणायचे, आणि कॉपी काढून ठेवायची ताई विसरली होती. बिचारीला जेवण गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात कान्हाने पेन उचलून लिहिलं, 'पाणी'. वर शब्द सुचवला गेला, 'पानी'!

"डेमो पीस आहे," दिलीपशेठ म्हणाले. "येईल तो काहीबाही लिहितो. थांब, सगळं पुसून टाकतो. मराठी सुधारेल त्याची!"

"सुधारेल?" कान्हाचं नाकच फुगलं. "आमची आजी अशीच बोलते!" आणि रागारागाने त्याने आजीचं नाव लिहिलं, 'विमलबाई'.

लगेच पुढचा शब्द वर आला, 'सांगतान'!

मनस्वी, कान्हा आणि सुयशने एकमेकांकडे पाहिलं. वैशालीताई प्रत्येक शब्दाची नोंद अशीच सुरू करायची, 'विमलबाई सांगतान', म्हणजे सांगतात! दुकानातल्या टॅबला आजी काय सांगते ते कसं माहीत?

"काका, हा वैशालीताईचा टॅब आहे!" मनस्वी ओरडली.

"डेमोच्या स्टँडवर आहे तो डेमो! मोठ्यांना शिकवू नकोस."

"शेठला दुकान कळत नाय काय?" मामाने री ओढली.

मनस्वी सुयशच्या कानात कुजबुजली, "पळ! ताईला घेऊन ये. मी यांना बोलतं ठेवते."

सुयश सायकलवर उडाला. इकडे दिलीपशेठचं बोट पुसायच्या बटणाकडे निघालं.

"काका, हा छत्री आणि डब्यासकट बॅगेत मावेल?"

बोट थबकलं. समजावून सांगायचा मोह दिलीपशेठना कधीच आवरत नसे! "मावेल की. हलका आहे."

"एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला वही असं दिसेल?"

"दिसेल ना! हे बघ..."

"चार्जिंग दिवसभर पुरेल? आणि मासळीचा हात लागला तर?"

"मासळीचा?" दिलीपशेठ विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कुठल्याच गिऱ्हाइकाने घातला नव्हता! शेवटी ते म्हणाले, "आता पुरे हं," आणि बोट पुन्हा निघालं.

"थांबा!" वैशालीताई दारात! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुयशच्या आईची. तिने टॅब ओढून घेतला, उघडला आणि मटकन स्टुलावर बसली. "आहेत! सगळे शब्द आहेत!"

दिलीपशेठनी दुरुस्तीचा ड्रॉवर उपसला. वैशालीताईच्या नावाची चिठ्ठी लावून तिथे झोपला होता डेमोचा टॅब!

"अरे देवा!" त्यांचा चेहरा उतरला. "कामाच्या गडबडीत उलटे ठेवले. दुरुस्त झालेला ताईंचा स्टँडवर गेला आणि बंद पडलेला डेमो ड्रॉवरमध्ये. ताई, हा चालू होईना म्हणून मी तुम्हाला रोज 'उद्या' म्हणत होतो! पोरांनो, तुम्ही नसता तर माझ्या हातून मोठं पाप झालं असतं."

"आणि माझ्याही," ताई डोळे पुसत हसली. "आज रात्रीच कॉपी काढते."

मामाने घसा खाकरला. "शेठ, छोटाच द्या."

"याचं पेन वेगळं घ्यावं लागेल."

मामा क्षणभर कळवळला. मग मुलांकडे बघून म्हणाला, "द्या! पोरांनी आज मामाचे डोळे उघडले."

संध्याकाळी ओट्यावर विमलबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "शानी हाव रं माझी पोरं!"

रंजिताने नव्या टॅबवर पहिला शब्द लिहिला, 'पानी'. टॅबने ताबडतोब सुचवलं, 'पाणी'.

"आजी, हा आपल्याला चुकीचं ठरवतो!" कान्हा चिडला.

"ऱ्हाऊ दे," विमलबाई म्हणाल्या. "नवा हाय. शिकंल."