बिनदोऱ्याचं मशीन

या, जरा पुढे सरून बसा. मागच्यांनीही डुलक्या आवरा. गोष्ट झोपेचीच आहे आणि ती झोपलेल्यांना सांगण्यात अर्थ नाही.

एक शिंपी होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, भिंतीशी एक रिकामी खाट. खाट त्याच्या वडिलांची, दादांची. दादाही शिंपीच. डाव्या पायानं अधू, त्यामुळे त्यांचं मशीनही लंगडत चालायचं : दोन ठोके झरझर, तिसरा रेंगाळलेला. दादांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि शिंप्याची मुलगी चार महिन्यांची होती. बायको नर्स. रजा संपली तशी ती दिवसपाळीला जाऊ लागली आणि पोरगी बापाकडे आली.

पोरीचं लाडाचं नाव भोंगा. का, ते सांगायला नको. चार महिन्यांत शिंप्याला सलग दोन तास झोप नव्हती. एका शर्टाला त्यानं तीन बाह्या बेतल्या. एकदा तर गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप धरून उभ्या उभ्या पेंगला.

"अहो मास्तर, माप घेताय की जीव?" गिऱ्हाईक ओरडलं.

पोरगी गप्प व्हायची ती फक्त मशीनच्या आवाजानं. मग दुपारी तो सुईतला दोरा काढायचा, सुईखाली चिंधी घालायचा आणि रिकामं मशीन चालवत बसायचा. पाय थांबला की भोंगा वाजलाच.

"देवा," तो म्हणायचा, "दुसरं काही मागत नाही. एक तास कुणीतरी माझ्या जागी बसू दे."

देव ऐकतो हो. कुणाला धाडतो, ते मात्र आपल्याला विचारत नाही.

एका दुपारी तो क्षणभर म्हणून फरशीवर टेकला, तो थेट पाचला जागा झाला. पाळण्यात पोरगी गाढ. दारात बायको चपला काढत होती.

"आज काय सुरेख चालवत होता मशीन! पार जिन्यात ऐकू येत होतं. अगदी दादांसारखं."

"मी?"

"नाहीतर काय, भुतानं?" ती हसत आत गेली.

सुईखालच्या चिंधीची चाळण झाली होती.

विचार करायला हवा होता. पण त्याला झोप मिळाली होती! दुसऱ्या दिवशी त्यानं चिंधी बदलली आणि मुद्दाम आडवा झाला. तिसऱ्या दिवशी उशी घेतली. पंधरा दिवसांत चेहऱ्यावर तजेला आला.

सोळाव्या दुपारी झोप अर्धवट मोडली. डोळे मिटलेलेच होते. दोन ठोके झरझर, तिसरा रेंगाळलेला. आणि त्या ठोक्यांमधून एक जांभई. लांबलचक, म्हाताऱ्या माणसाची, जबडा दुखेल अशी.

तेव्हा त्याला आठवलं. खरं म्हणजे तो विसरलाच नव्हता.

शेवटच्या दिवसांत दादा खाटेवरून म्हणाले होते, "बाळा, डोळ्याला डोळा लागत नाही रे. मशीन चालव ना थोडं. तो आवाज आला की झोपेन मी."

"दादा, पायांचे तुकडे पडलेत. उद्या चालवतो, नक्की."

सकाळी दादांचे डोळे त्यालाच मिटावे लागले. रात्रभर उघडे होते.

आता तो फरशीवरून उठला. स्टुलाकडे बघायचं धाडस झालं नाही.

"दादा," तो म्हणाला, "चुकलो मी. उठा तिथून. मी बसतो."

मशीन थांबलं. पोरगी रडली नाही.

स्टूल कोमट होतं. तो बसला, पाय मारू लागला.

थोड्या वेळानं खाट करकरली.

मग खोलीत दोन श्वास ऐकू येऊ लागले. एक पाळण्यातला, इवलासा. दुसरा जाड, घरघरणारा.

त्यानं पाय जरासा सैल सोडला.

"थांबलास?" खाटेवरून आवाज आला.

त्यानं पुन्हा पाय मारला.

भोंगा आता शाळेत जाते. तिला झोपायला मशीन लागत नाही. तरी दुपारी काय, रात्री काय, त्या घराखालून गेलात तर मशीन ऐकू येईल. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. आणि हल्ली त्याचाही तिसरा ठोका रेंगाळतो.

तुम्ही आज उशीला डोकं टेकाल. डोळा लागण्याआधी त्या शिंप्याची एकदा आठवण काढा. तो अजून जागा आहे.